विषयपत्रिकेत नसलेला विषय

शाळेच्या पहिल्याच दिवशी लिडिया बोर्बा चिंब भिजली, आणि तेही ऑगस्टमध्ये. कॅलिफोर्नियाच्या त्या खोऱ्यात मे महिन्यानंतर आभाळातून एक थेंब पडत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

झालं असं, की हिरवळीवरून आडवं गेलं तर दोन मिनिटं वाचतात, म्हणून बाई आडव्या गेल्या. बरोब्बर मध्यावर पोचल्या आणि चारी बाजूंनी गवताला पाणी घालणारे फवारे सुटले! हातातली फाईल डोक्यावर धरावी तर फाईल भिजते, पोटाशी धरावी तर डोकं. तिने फाईल वाचवली आणि किंचाळत धावत सुटली.

"इकडे! इकडे या! या कोपऱ्यात पाणी कमी येतं!"

एक उंच तरुण कालच्या शिक्षकसभेतलं पिझ्झाचं रिकामं खोकं डोक्यावर धरून उभा होता. त्याचा इस्त्रीचा शर्ट आधीच अंगाला चिकटला होता, म्हणजे हा कोपरा त्यालाही जरा उशिराच सापडला होता. लिडिया सरळ त्या खोक्याखाली शिरली. खाली जागा जेमतेम दीड माणसाची.

"तुम्हालाही कुणी सांगितलं नाही वाटतं, साडेसातला फवारे सुटतात म्हणून?" त्याने विचारलं.

"मला काय सांगायचंय? मी तिसरं वर्ष शिकवतेय इथे."

"अरे बापरे... मग तर कमालच आहे तुमची!"

खरं तर तिला राग यायला हवा होता. पण त्याच्या पापण्यांवर थेंब अडकले होते, आणि तो ते पुसायचं सोडून तिच्याकडेच बघत होता. ती हसली. एवढी हसली, की खोकं हललं आणि दोघांच्या मानेवर पाणी ओघळलं.

"नारेग टर्झियन," तो म्हणाला. "अर्थशास्त्र. नवीन."

"लिडिया बोर्बा. शासनव्यवस्था. ओली."

आता हे दोन विषय म्हणजे बारावीचं एकच जोखड. डिसेंबरपर्यंत शासन, जानेवारीपासून अर्थशास्त्र. दोन्हींत पास झाल्याशिवाय शाळा कुणाला सोडत नाही. म्हणजे लिडियाची पोरं पुढे नारेगच्या हाती जायची. त्यांची आधीच ओळख व्हावी म्हणून पहिल्या तासाला तो मागच्या बाकावर येऊन बसला, गुडघे बाकात मावत नव्हते तरी.

पहिल्या तासाची लिडियाची एक खोडी ठरलेली होती. जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाच्या लेटरहेडवर ती स्वतःच एक पत्र छापायची आणि चेहरा गंभीर करून वाचायची. यंदाही तिने वाचलं:

"बारावीच्या विद्यार्थ्यांना जेवणाच्या सुट्टीत आवाराबाहेर जाण्याची सवलत उद्यापासून बंद करण्यात येत आहे."

वर्गावर वीजच कोसळली. तीन वर्षं कॅन्टीनचा गिळगिळीत पास्ता खाऊन पोरं ज्या एका सुखाची वाट बघत होती, ते उपभोगायच्या आधीच गेलं!

"मिस, हे खरं आहे?" पुढच्या बाकावरची येसेनिया जवळजवळ रडकुंडीला आली. "मिस, मी गेल्या आठवड्यात गाडी घेतलीय हो! टाको विकणाऱ्या ट्रकपर्यंत जायला!"

"पत्र तर हेच म्हणतंय," लिडिया म्हणाली, आणि वर्गावरून नजर फिरवली.

ती ज्याची वाट बघत होती, ते गेली दोन्ही वर्षं घडलं नव्हतं. पोरं चरफडायची, शिव्या घालायची, मग माना खाली घालून वह्या काढायची. ठरवलं कुणी, असं एकानेही विचारलं नव्हतं. तास संपता संपता ती खोडी उघड करायची, सगळे हसायचे, आणि तिला मनातून वाईट वाटायचं.

"एक विचारू का?" मागून आवाज आला. "हे ठरवलं कोणी?"

अखेर विचारलं कुणीतरी! पण बोलला होता तो नारेग, एकही विद्यार्थी नव्हे. तिला वाटलं, याने खेळ ओळखला आणि आपल्याला साथ देतोय. किती हुशार... आणि किती छान दिसतो गंभीर झाला की!

"शाळा मंडळाने," ती रंगात येऊन म्हणाली.

"मुलांना न विचारता?"

"त्यांनाच विचारा ना, मिस्टर टर्झियन. बैठक आजच आहे, संध्याकाळी सहाला. दारापाशी कार्ड भरायचं, तीन मिनिटं बोलायला मिळतात. मी तर दर बैठकीला असते."

"दर बैठकीला?"

"अगदी दर."

"अच्छा..." तो म्हणाला, आणि एवढ्या एका शब्दाला त्याने बराच वेळ लावला.

ती आता खोडी उघड करणार, तेवढ्यात आगीची घंटा वाजली. पहिल्या आठवड्यातला सराव! सगळी शाळा मैदानावर, रांगा, हजेरी. आणि मैदानातूनच पोरं पुढच्या तासाला पांगली. असू दे, उद्या सांगू, असं लिडियाने ठरवलं. तिला धक्का बसायचा अजून बाकी होता.

संध्याकाळी सहाला ती नेहमीच्या तिसऱ्या रांगेत बसली. समोर शाळा मंडळाचे निवडून आलेले पाचजण, एका टोकाला अधीक्षक मिस्टर हॅगर्टी, आणि श्रोत्यांत नेहमीचे चार म्हातारे. पाचव्या मिनिटाला दार उघडलं. नारेग आत आला, गळ्यात टाय. मागून येसेनिया. तिच्यामागे आणखी अठरा पोरं! एकेक जण कार्ड भरायला लागला.

लिडियाच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे... याला काहीच कळलं नव्हतं? याने ते खरं मानलं?

तिला हात करून खुणवायचं होतं, पण नारेग माइकपाशी पोचलाही होता. तीन मिनिटं सुरू झाल्याचा हिरवा दिवा लागला.

"जी मुलं यंदा पहिल्यांदा मतदान करणार, त्यांच्यावर तुम्ही दुपारी दीड मैल जायचाही भरवसा ठेवत नाही? आणि तेही त्यांना एका शब्दाने न विचारता?"

मंडळाच्या सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. कसला नियम? कुठलं पत्र? कुणाला काही पत्ताच नव्हता. पण अध्यक्षीणबाई कायद्याच्या एकदम पक्क्या. विषयपत्रिकेत नसलेल्या विषयावर मंडळाने फक्त ऐकायचं, चकार शब्द काढायचा नाही, असा दंडक. आणि त्या तो मोडू देत नसत. पाचही जण मूग गिळून बसले. अधीक्षकांनी दोनदा तोंड उघडलं, बाईंनी दोनदा हात वर केला.

पोरांनी त्या गप्प बसण्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

"बघा, यांच्याकडे उत्तरच नाही!" आपली पाळी येताच येसेनिया कडाडली. "मग ऐका! उद्या दुपारी आम्ही सगळे बारावीचे फाटकातून बाहेर पडणार. दोनशे दहा जण. टाका आम्हाला काढून!"

लिडियाची नोकरी, पहिलं वर्ष हंगामी गेल्यामुळे, अजून कायम झालेली नव्हती. मार्चपर्यंत कारण न देताही घरी बसवता आलं असतं, आणि हे तर चांगलं खणखणीत कारण होतं. कार्यालयाच्या लेटरहेडवर खोटं पत्र! गप्प राहिली तर? उद्या सकाळी वर्गात सांगता येईल, नियम मागे घेतला म्हणून. पोरं जल्लोष करतील. कुणाला कधी कळणारही नाही...

पण पोरांच्या त्या तापलेल्या चेहऱ्यांकडे तिला बघवेना. आपण त्यांना वेड्यात काढलं, आणि त्यांनी मात्र आपल्याला हवं होतं तेच खरंच करून दाखवलं. ती उठली, दारापाशी गेली, कार्ड भरलं.

"तो नियम नाहीच," ती माइकमध्ये म्हणाली. "ते पत्र मी लिहिलं. धडा म्हणून. मिस्टर टर्झियनना काही माहीत नव्हतं, मुलांनाही नव्हतं. जे काही करायचं ते माझं करा."

येसेनियाचं तोंड उघडंच राहिलं. आणि नारेग... त्याचा चेहरा पार पांढराफटक. तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं, पुन्हा पाहायची हिंमत झाली नाही.

बैठक संपल्यावर हॅगर्टींनी तिला व्हरांड्यात गाठलं.

"ताशेरा फाईलमध्ये जाणार, मिस बोर्बा. पालकांना माफीचं पत्र, तेही उद्याच. आणि आमच्या लेटरहेडला पुन्हा हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे."

"हो, सर."

"सतरा वर्षं मी या बैठकांना बसतोय," ते चष्मा पुसत म्हणाले. "आजवर एकही विद्यार्थी आला नव्हता. उद्या वेळेवर वर्गावर या."

बाहेर पार्किंगमध्ये ऊन अजून होतं, डांबर तापलेलं होतं, आणि पलीकडच्या रस्त्यावरून टोमॅटोचे ट्रक धडधडत चालले होते. पोरं तिच्याभोवती गोळा झाली. "मिस, तुम्ही भारीच डांबरट निघालात!" म्हणून येसेनियाने तिला कडकडून मिठी मारली, आणि मग सगळी वरात टाकोच्या ट्रककडे गेली. मागे उरला नारेग. त्याने टाय सोडून हातात घेतला होता.

"मी तुमची नोकरी घालवणार होतो," तो म्हणाला. "मला... काय बोलावं सुचत नाहीये."

"नका बोलू. चूक माझी आहे. मला वाटलं, तुम्ही नाटक करताय. पण दोन वर्षांत जे कुणी विचारलं नाही ते तुम्ही विचारलंत. पोरांच्या हक्कासाठी एवढं पेटून उठणारा माणूस—"

"थांबा," त्याने घाईने अडवलं. कान लालबुंद झाले होते. "आज तुम्ही सगळं खरं सांगितलंत, मग मीही सांगतो. प्रश्न मनापासूनच विचारला होता. पण एरवी मी मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहून गप्प बसलो असतो. बैठकीला आलो... ते तुम्ही म्हणालात म्हणून. की तुम्ही दर बैठकीला असता."

लिडिया बघतच राहिली. "म्हणजे... वीस पोरं घेऊन..."

"एकोणीस! आणि ती आपापली आली. मी एकटाच येणार होतो. तुमच्या मागच्या रांगेत बसणार होतो. दारात ती पुढच्या बाकावरची येसेनिया भेटली, म्हणाली, सर, आधी तुम्हीच बोला. मग काय करणार?"

"मंडळ हादरलं, माझी नोकरी जाता जाता राहिली, उद्या दोनशे दहा पोरं शाळा सोडून निघाली असती... आणि हे सगळं तुम्हाला माझ्या मागे बसायचं होतं म्हणून?"

"शेजारी बसायचं धाडस नव्हतं," तो खाली बघत म्हणाला.

दिवसभरात तिला बसलेल्या सगळ्या धक्क्यांत हा सर्वात मोठा होता. रागावावं की रडावं, तिला कळेना. तिने गाडीचं दार उघडलं, शेजारच्या सीटवरचा वह्यांचा गठ्ठा उचलून मागे टाकला आणि ती सीट हाताने झटकली.

"बसा," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."