निळ्या शिपायाचा शेवटचा जीव

हे घडलेलं आहे. पटत नसेल त्यानं शेजारच्या गाळ्यातल्या घड्याळवाल्या काकांना विचारावं.

वेळ रात्रीचीही नव्हे. दुपारचे सव्वातीन, बाहेर लख्ख ऊन...

ती मोबाइल दुरुस्त करणारी. धाकटा भाऊ जाऊन आठ महिने झाले, पण डोळ्यांत टिपूस नाही. विहीर आटावी तशी आतून आटलेली.

भावाच्या, हातात धरून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमसाठी एक गिऱ्हाईक मागे लागलं होतं, म्हणून तिनं तो आज उघडला. दुसऱ्या खेळाडूची वायर लावायचं सॉकेट तुटलेलं. ते काढून वाटीत टाकलं. मग पहिला टप्पा खेळून बघायला बसली. खेळून पाहिल्याशिवाय वस्तू द्यायची नाही, हा तिचा शिरस्ता.

धावायचं, गोळ्या झाडायच्या. पुलावर तिचा लाल शिपाई मेला. तिन्ही जीव गेले.

लहानपणी अशा वेळी भाऊ म्हणायचा, "रडतेस काय ताई? माझा एक घे ना!"

त्या खेळात तशी सोय होती. बटण दाबलं की जोडीदाराचा एक जीव आपल्याला.

पण आज जोडीदार नव्हता. खेळ संपायला हवा होता.

संपला नाही...

डाव्या कडेला निळा शिपाई उभा होता, भाऊ नेहमी घ्यायचा तो. जीव तीन.

तिनं बटण दाबलं. दोन.

पुन्हा मेली. पुन्हा दाबलं. एक.

काका डोकावले. "काय गं, कामधंदा सोडून खेळ? आणि जोडीला कोण?"

"भाऊ."

काका हसले. मग वाटीतलं दुसऱ्या खेळाडूचं सॉकेट दिसलं... हसू ओठांवरच सुकलं.

लाल शिपाई पडला. उलटी मोजणी सुरू झाली. तिनं दोन्ही अंगठे वर उचलले. नाही घ्यायचा. हा एक त्याला राहू दे.

निळा दोनदा खाली बसला, उठला. भाऊ उतावीळ झाला की अस्संच करायचा.

तीन... दोन...

निळ्याचा आकडा शून्य झाला. लाल उठून उभा राहिला.

बटण तिनं दाबलं नव्हतं. काकांनी डोळ्यांनी पाहिलंय.

"बंद कर ते, पोरी!"

"कसं करू, काका? त्याच्याकडे आता काहीच उरलं नाही."

तिनं खेळ नुसता थांबवला. चार्जर लावला. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

तो अजून चालूच आहे. रडू तिला अजून आलेलं नाही.

भाऊ गेला त्या अपघाताच्या वेळी दोघं एकाच गाडीत होती. तिला साधं खरचटलंही नव्हतं. धक्क्यानं शुद्ध हरपण्याआधी आपण त्याच्याकडे काही मागितलं होतं का...

तिला आठवत नाही.