बोलोन्याचा पाव

लाईट गेली तसे तात्याराव पोरांना म्हणाले, “मोबाईल ठेवा खाली. जेवायला जायच्या आधी हॉटेलाच्या चांदण्या मोजणारी तुमची अवलाद! पप्पू, त्या ढाब्याला किती होत्या रे?”

“साडेचार, तात्या.”

“आन् जुलाब किती दिवस?”

पोरं हसली. तात्याराव हसले नाहीत. त्यांनी सिद्धलिंगअप्पांचं सांगायला घेतलं, स्वतः अप्पांच्या तोंडून ऐकलेलं.

अप्पा मूळचे बोरीचे. परभणीत विद्यापीठाच्या रस्त्याला त्यांची खानावळ. त्या मंगळवारी सकाळी ते ज्वारी दळून आणायला गिरणीत गेले होते. डबा काट्यावर असतानाच फोन आला. श्रीशैल गेला. इटलीत, बोलोन्यात, सायकलवरून जाताना अपघातात. अप्पांनी दळण पुरं होऊ दिलं आणि मग तिथंच खाली बसले.

एकुलता एक पोरगा, शिकायला गेलेला. तिकडं विद्यार्थ्यांची एक गल्ली होती, दोन्ही अंगांना कमानी, मध्यरात्रीपर्यंत गजबज. तिथं कुठं काय खावं, हे तो रोज फोनवर सांगे. एका म्हातारीकडं बिनमांसाची हरभऱ्याची आमटी मिळे आणि सोबत कडक सालीचा पाव. जेवण झालं की ताट धुऊन ते पाणी प्यायची घरची रीत त्यानं तिथंही सोडली नव्हती. बाकीची पोरं हसत. म्हातारी मात्र दुसऱ्या दिवशी पळीभर जास्त वाढी.

“इथं पोरं उभ्यानंच खायलेत, अप्पा.”

“उभ्यानं ढोरं खातात. आन् पाव? ते आजाऱ्याचं खाणं!”

“एकडाव या तरी. शेजारी बसा. नुसता चाखून बघा.”

“माझ्या दारचं कुत्रं तोंड लावायचं न्हाई त्याला.”

हे शेवटचं बोलणं.

देह गावी आणून बोरीच्या शेतात लिंगायत रीतीनं समाधी दिली. महिन्यानं अप्पांनी खानावळ पुन्हा उघडली. चौदा मार्चची रात्र. नऊ चाळीस. शेवटचं गिऱ्हाईक गेलं होतं. अप्पांनी शटर अर्धं ओढलं आणि वळले.

कोपऱ्यातल्या टेबलाशी कोणीतरी पाठमोरं बसलं होतं.

“बंद झालंय हो.”



अप्पांनी ताट वाढलं. भाकरी, पिठलं. का वाढलं, ते त्यांनाही सांगता येईना. समोर ठेवलं. तोंडाकडं बघितलं नाही... बघवेना. मागं सरून शेगडीपाशी उभे राहिले.

भाकरी मोडल्याचा आवाज. संथ.

मग तांब्या वाजला.

ताटात पाणी पडलं. बोटं फिरली...

ताट ओठाला लागलं.

“श्री...”

पापणी लवली असेल तेवढंच. टेबल रिकामं. शटर तसंच, अर्धं. ताट लख्ख. आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर पावाचा एक तुकडा. कडक सालीचा. अप्पांनी बोट लावलं.

गरम.

“इथल्याच बेकरीचा असंल, तात्या,” पप्पू म्हणाला. आवाज मात्र बारीक झाला होता.

“तुझा बाप बसला होता का तिथं भट्टी पेटवून?”

मागून एका पोरानं विचारलं,

“मग... खाल्ला का अप्पांनी?”

तात्याराव अंधारात चपला शोधू लागले. पाव अप्पांनी पांढऱ्या फडक्यात बांधून देव्हाऱ्यापाशी ठेवला आहे. रोज पूजेच्या वेळी ते फडकं सोडतात, बघतात आणि पुन्हा बांधतात.

अजून त्यांनी तो चाखलेला नाही.