पाकीट कुठे टाकलंत?

"परीक्षा आहे का उद्या?"

दुकानातल्या खाऊच्या गोळ्यांच्या फळीसमोर ती पाकीट नाकाशी धरून मागचा मजकूर वाचत होती. दचकून तिनं वळून पाहिलं. कोपऱ्यावरचा घड्याळजी! मिश्कील हसत त्यानं खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं. "हे घ्या. एवढी बारीक अक्षरं मुंग्यांसाठी छापतात."

भिंगातून तिला नेमकं नको तेच दिसलं... जिलेटिन. तिनं पाकीट परत ठेवलं.

"आवडत नाही?"

"जिवावर उठतं," ती म्हणाली, आणि मग सगळंच सांगावं लागलं. गोचीड चावल्यापासून तिला सस्तन प्राण्यांच्या मांसाची ॲलर्जी जडली होती. मांस टाळणं सोपं. पण हाडाकातड्यांपासून केलेलं जिलेटिन असल्या मऊ गोळ्यांत दडी मारून बसायचं. थोरल्या बहिणीनं एकदा "काही नाही गं त्यात" म्हणत भरवलं, आणि काही तासांनी हिला दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून स्वतः वाचल्याशिवाय ती काही तोंडात घालत नसे. लोकांना ते लागायचं. हळूहळू बोलावणी बंद झाली. एकटीनं जेवायचा तिला अगदी वीट आला होता.

मग त्या फळीपाशीच दोघांच्या भेटी होऊ लागल्या. तो मोठ्यानं वाचायचा, ती "नापास!" म्हणायची आणि दोघं खुदखुदायचे. घरी परतल्यावर मात्र घर आणखीच रिकामं वाटायचं.

एका संध्याकाळी तो तिच्या दारात आला. हातात काचेची बरणी, रंगीबेरंगी गोळ्यांनी गच्च भरलेली, वर रिबीन.

"खास तुमच्यासाठी. सगळं वाचलंय मी. बिनधास्त खा."

"आणि... पाकीट कुठे टाकलंत?"

"कचऱ्यात. बरणीत किती छान दिसतात बघा ना!"

तिला भरून आलं. एवढ्या हौसेनं तिच्यासाठी कुणी काही आणून किती दिवस झाले होते! "मी नाही खाऊ शकत," ती कशीबशी म्हणाली. "तुमच्यावर विश्वास नाही असं नाही हो, पण—"

त्याचा चेहरा उतरला. बरणी उंबरठ्यावर ठेवून तो जिना उतरला. झालं, हाही गेला! तिनं दार लावलं आणि त्याला टेकून ती मनसोक्त रडली.

बेल वाजली. तो धापा टाकत उभा होता. हातात चुरगळलेलं पाकीट, त्याला चिकटलेली चहाची पत्ती.

"डबा उपसून काढलं. गाढव आहे मी... हे भिंग. तुमच्या डोळ्यांनी वाचा."

साखर, फळांचा रस, फळांच्या सालींतून काढलेलं पेक्टिन. जिलेटिन कुठेच नाही. तिनं पुन्हा एकदा वाचलं. मग बरणी उघडून एक गोळी तोंडात टाकली. संत्र्याची होती.

"पास?"

"पास."

तरी तो जाईना. नखानं पाकिटावरची पत्ती खरवडत राहिला.

"एक सांगू? माझ्या स्वयंपाकघरात आता तुम्हाला न चालणारं काही उरलं नाहीये. एकेक करून काढून टाकलं सगळं... वाटल्यास येऊन तपासा."

"कधी?"

"आत्ता... म्हणजे, भूक असेल तर."

तिनं चपला पायात सरकवल्या. त्यानं भिंगासाठी हात पुढे केला, तर तिनं मूठ घट्ट मिटली.

"तुम्ही दुसरं घ्या," ती म्हणाली. "मला हे रोज लागणार आहे."