तासगावातला समुद्र

कुणाला खोटं वाटंल, पण तासगावात समुद्र हाय. बेदाण्याच्या शेडाला लागून लालासाहेबांचं घर, आन् त्या घराच्या सोप्यात काचंच्या पेटीत त्यो ऱ्हातो. लोक तर सांगत्यात, पुनवंला त्येला भरती यायची आन् लालासाहेबांची चप्पल वाहत पार रस्त्याला लागायची. चपलंचं खरंखोटं चप्पल जाणं. पण तिथलं दुःख मातूर समुद्राच्याच मापाचं व्हतं, त्यात काय कमी न्हाई.

त्या समुद्राचं पाणी बाटलीत भरून लालासाहेबांची लेक अंकिता सांगलीला आली, तवा आभाळ असं कोंदलेलं की भर दुपारी दिवे लावलेले. ऐन द्राक्षं भरायच्या दिसांत ही मरणाची बुरबूर. माती-पाणी तपासायच्या लॅबमदी बिरदेव बसलेला. कवठे महांकाळचा, धनगराचा पोरगा. डोळं शांत, जीभ खट्याळ. त्यानं बाटलीत मीटर बुडवलं आन् भुवया पार कपाळाला नेऊन टेकवल्या.

"मॅडम, ह्या विहिरीवर द्राक्षं हायत?"

"न्हाईत."

"देवाची कृपा. एका पाण्यात बाग जळंल. कंची विहीर म्हणायची ही?"

"विहीर न्हाई. समुद्र हाय."

"कुठला?"

"तासगावचा."

बिरदेव हसला... आन् हसता हसता थांबला. पोरगी हसत नव्हती. केसांवर पावसाचं बारीक थेंब, आन् डोळ्यांत त्याहून मोठं.

"फॉस्फेट बघायचंय," ती म्हणाली. "शेवाळ लय माजलंय. आमचं पोवळं मरतंय."

त्यानं नळीत पाणी घेतलं, औषधाचं थेंब सोडलं. पाणी निळं झालं... अजून निळं... पार नीळ घातल्यागत.

"हे तर शेवाळाला खताचं पोतं सोडल्यागत झालं," तो हळूच म्हणाला. "शेवाळ माजणार, आन् पोवळ्याचं हाड घडणार न्हाई. येऊन बघू का?"

"लॅब घरी येती व्हय?"

"लॅब न्हाई येत. मी येतो. कवठ्याला जाताना तासगाव वाटंतच हाय की."

सांगलीस्नं कवठ्याला मिरजेवरनं जात्यात. तासगावच्या पोरीला हे ठाऊक नसंल व्हय? पण तिनं नुसतं बाटलीचं झाकण उगंच दोनदा घट्ट केलं.

पेटी शंभूराजची. अंकिताचा थोरला भाऊ. जहाजावर नोकरीला लागला, आन् एका सुट्टीत मुंबईस्नं करंगळीएवढं जितं जांभळं पोवळं घिऊन आला. "आई, माझा समुद्र तू सांभाळ," म्हणाला. मग एका वादळात तो जहाजावरनं गेला तो गेलाच. देह बी गावला न्हाई. आबांनी, म्हंजी लालासाहेबांनी, त्या दिवसापास्नं त्याचं नाव काढलं न्हाई. काढलं ते पेटीचं. "द्राक्षं उतरंपातूर बघतो. न्हाई सुधरलं, तर उपसून टाकतो. त्या पेटीकडं बघून तुझी आई बी झिजाया लागली."

आता बिरदेव येऊ लागला. शेवाळ घासायला दात घासायचा बुरूस, पाणी बदलायला नळी, फॉस्फेट शोषणारं दाणं... जावळाला निघाल्यागत पिशवी भरून.

"बादली कंची वापरता?"

"बागंतली."

"जिच्यात द्राक्षाचं खत कालवता ती? आरारा! घावला चोर!"

नवी बादली आली. पाणी पुन्हा निळंच. फिल्टर बदलला. निळंच. पेटीतल्या माशांचं खाणं निम्मं केलं. तरी निळं! जांभळ्या पोवळ्यावर हिरवी गोधडी चढत चाललेली, आन् बागंत द्राक्षाची तोड सुरू झालेली.

"आज पण वाटंतच व्हतं का तासगाव?" अंकितानं पेटीच्या काचंतनं विचारलं. पल्याड त्याचा चेहरा पाण्यात हालत व्हता.

"वाटंतच."

"नकाशा बघा जरा."

"नकाशा चुकीचा हाय," तो म्हणाला. त्याच्या हातातला बुरूस थांबला... आन् तिच्या हातातला बी.

तेवढ्यात त्यानं पाण्याच्या वर बोट फिरवलं. बारीक तवंग चमकला. त्यानं हुंगलं, जिभेला लावलं.

"खारट... आन् साजूक! अंकिता, ह्या समुद्राला तूप कुणी सोडलं?"

पावलं वाजली. दोघं पेटीमागं फिल्टरपाशी बसलेली, दिसली न्हाईत. अंकिताची आई, लीलाबाई आल्या. तळहातावर तूप-भाकरीचा कुस्करा. झाकण उचललं आन् त्यातला पयला घास पाण्यात सोडला.

"खा रं शंभ्या. कावळा शिवला न्हाई त्या दिवशी... लोकांनी दर्भाचा कावळा केला. माझं लेकरू दर्भाच्या चोचीनं जेवतंय व्हय? समुद्रात गेलास, मग समुद्रातच देती."

अंकिताच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. आता कळलं, रोज निळं का व्हतंय ते. सांगावं तर आईच्या हातातला घास जातोय. न सांगावं तर पोवळं जातंय, आन् मग आबा पेटीच उपसणार.

बिरदेव उठला. लीलाबाई दचकल्या.

"काकू... पोवळ्याला तूप पचत न्हाई वं."

त्या काचंवर चढलेल्या हिरव्या गोधडीकडं बघतच ऱ्हायल्या. "म्हंजी... मीच?" त्यांनी उरल्या कुस्कऱ्याची मूठ आवळली. "मीच मारती व्हय त्येला?"

"न्हाई. तुमी भूक वळखली, फकस्त ताट चुकलं." त्यानं ओंजळ पुढं केली. "घास मला द्या."

"आरं बाळा, गेलेल्याचा घास जित्त्यानं खाऊ न्हाई."

"मग जित्त्याचा म्हणून द्या."

नुसता पंपाचा आवाज. मग लीलाबाईंनी तळहात त्याच्या ओंजळीत रिता केला, आन् त्यानं उभ्या उभ्या, डोळं पुसत, सगळं खाल्लं.

तवापास्नं बिरदेव रोज यायचा आन् घास खायचा. नळीतलं निळं फिकं व्हत गेलं. हिरवी गोधडी हातानं सोलावी तशी निघाली. शेवटचा घड उतरला त्या दिवशी पाणी साफ निघालं, आन् पोवळ्याच्या टोकाला नवा जांभळा कोंब. शंभू मातूर आला न्हाई. समुद्र कितीबी साफ केला तरी गेलेला येत नसतोय.

बिरदेव नळ्या पिशवीत भराया लागला. "आता माझं कारण सरलं," तो खाली बघून म्हणाला.

अंकिता काच पुसत ऱ्हायली, पुसलेलीच काच.

लालासाहेब दारात उभं. कवापास्नं, कुणास ठाऊक.

"काय रं, कवठ्याच्या वाटंवर लागतं का आमचं तासगाव?"

बिरदेवनं मान वर केली. "न्हाई, आबा. वाट वाकडी करून येतो."

"माझा शंभू बी लांबच्या वाटंनं गेला," लालासाहेब म्हणाले. त्या घरात कितीतरी दिसांनी ते नाव उमटलं. लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. "परत आला न्हाई."

"मी येतो."

लालासाहेब त्याच्याकडं बघत ऱ्हायले. मग आत गेले. आतनं पाट सरकवल्याचा आवाज आला... एक, आन् त्याच्याशेजारी आणखी एक.

"उंद्या पुन्हा तपासावं लागंल," अंकिता हळूच म्हणाली.

"का? पाणी तर साफ हाय."

"हाय... पर माझा इस्वास न्हाई." तिनं त्याच्या पिशवीतनं नळी काढून घेतली आन् पदराखाली धरली. "पाण्यावर न्हाई वं... तुमच्यावर हाय."

आतनं लीलाबाईंनी हाक मारली, "आरं ये की बाळा, भाकरी निवती."