डावीकडची सीट

सहादेवनं गाडी घेतली ती बँकेच्या लिलावात. नगरच्या बाहेर हमरस्त्याला लागून, हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्यांचं यार्ड होतं. उन्हात तापलेल्या, धुळीनं एकाच रंगाच्या झालेल्या गाड्यांची रांगच्या रांग. तिथं बॉनेट उघडून बघा, इंजिन चालू करून ऐका, पण फेरी मारायची नाही. आधीचा मालक कोण, हे तर कुणी विचारतच नाही. ज्याच्या दारातून गाडी गेली त्याचा तळतळाट कशाला अंगावर घ्या? सहादेवनं एक पांढरी गाडी हेरली आणि बोलीत वर केलेला हात शेवटपर्यंत खाली घेतला नाही.

हौस त्याची नव्हतीच, ती इंदूची. मिरजगावच्या बियाण्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसून बायको त्याला चिडवायची, की जामखेडच्या पुढं माझ्या माहेरी एसटीतून उभ्यानं जाऊन जाऊन मी वाळले, एकदा पुढच्या सीटवर बसवून न्या. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता चैत्रात ती गेली आणि गाडी आली ती तिच्या माघारी. वर्ष सरलं नव्हतं, म्हणून सहादेवनं ना हार घातला ना नारळ फोडला. गाडी तशीच वापरायला काढली.

पहिल्याच दिवशी डावीकडच्या रिकाम्या सीटसाठी घंटी वाजू लागली, माणूस बसलाय आणि पट्टा लावला नाही की वाजते तशी. गॅरेजच्या छगन मेस्त्रीनं सीटखाली हात घातला, वजन ओळखणारा सेन्सर बिघडलाय म्हणाला आणि वायरच काढून टाकली. दुसऱ्या दिवशी घंटी पुन्हा वाजली.

सहादेव म्हणजे बियाणं उगवलं नाही तर देवावर न ढकलता पिशवीवरचा लॉट नंबर तपासणारा माणूस. पण त्या दिवशी त्यानं वाकून रिकाम्या सीटचा पट्टा लावला, घंटी थांबली, आणि शेजारी इंदूच बसल्यासारखं वाटून त्यानं गाडी कडेला घेतली.

मग ती सवयच झाली. "इंदू, पट्टा लावतो गं," म्हणायचं आणि निघायचं. वाटेत तो तिला सगळं सांगायचा. दुकानातलं, मनातलं, ती असताना कधी तोंडातून न निघालेलं. सावलीत उभ्या केलेल्या गाडीतही ती सीट हाताला कोमट लागायची. पट्टा सीटला चिकटायचा नाही, कुणाच्या तरी अंगावरून गेल्यासारखा फुगीर राहायचा. त्या पोकळीकडं बघून सहादेव सुखावायचा. ती दिसली नाही तरी चालेल, नुसती असावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

दिवाळीच्या तोंडावर तो तिला माहेरी घेऊन निघाला.

त्याच्या सासूबाई गोजरबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या. लांबून आलेल्या लेकीजावयावरून ओवाळतात, तसा त्यांनी तुकडा सहादेववरून ओवाळला. मग त्यानं काहीच सांगितलेलं नसताना त्या डाव्या दाराशी गेल्या.

त्यांचा हात अर्ध्यावर थांबला.

"सहादेवराव, गाडी पुजली न्हाई का?"

"वर्साच्या आत कशी पुजू?" सहादेव जवळ आला. "आई, इंदूच हाय ना?"

म्हातारी काचेतून बघत राहिली. मग डोळ्याला पदर लावला.

"माझी लेक मी वळखीन की. ही माझी इंदू न्हाई, बाबा. कुनाची तरी पोर हाय. लई दमल्यावानी दिसती."

तरीही त्यांनी तुकडा त्या सीटवरून ओवाळला आणि तांब्यातलं पाणी चाकावर ओतलं.

ऊन कलल्यावर सहादेव परत फिरला. गावाबाहेर आल्यावर तो ढसाढसा रडला. भीती त्याला वाटली नाही. इंदू दुसऱ्यांदा गेली, एवढंच कळत होतं.

घंटी वाजत होती.

त्यानं डोळे पुसले. पट्टा लावला.

"ताई," तो म्हणाला, "तुमाला कुटं सोडू?"

तिठा आला. मिरजगावचा रस्ता उजवीकडं होता.

त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. डावीकडचा इंडिकेटर टिकटिक करू लागला.