दुसरा नमुना

जानेवारीतल्या एका सकाळी कांदा-बटाटा बाजारात शिरल्या शिरल्या मनस्वीला वाटलं, आपलं नशीब उघडलं. जिकडे बघावं तिकडे माणसं नाक पुसत होती. कुणाचे डोळे लाल, कुणी शिंकतोय, कुणी खांद्यावरच्या पंच्यानं नाक चोळतोय... एवढी सर्दी एका जागी तिनं उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

जवळच्याच तळवली गावची ही मुलगी वाशीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला होती आणि तिला सर्दी झालेली माणसं हवी होती. रक्त काढायला ती आधीच्या कोर्समध्ये शिकली होती. पहिला नमुना सर्दीच्या दिवसांत, दुसरा तीन आठवड्यांनी. अशा वीस जोड्या. त्याशिवाय प्रबंध स्वीकारणार नाही, असं तिच्या मार्गदर्शक वैशाली मॅडमनी बजावलं होतं.

सगळ्यात जास्त नाक वाहत होतं ते मोठ्या काट्याजवळ उभ्या असलेल्या तरण्या मापाड्याचं. मनस्वी थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"किती दिवस आहे सर्दी?"

त्यानं डोळे पुसले आणि पाहिलं. पांढरा कोट, हातात बर्फाचा डबा, कपाळावर आलेली बट... उत्तर द्यायला त्याला जरा वेळच लागला.

"कालपासून," तो म्हणाला.

बाजाराच्या दवाखान्यात तिनं त्याचं रक्त काढलं. नाव रणजीत, वडील याच बाजारात माथाडी, मूळ गाव साताऱ्याकडचं. त्याच्यामागून आणखी अकरा जणांचं रक्त काढून झालं, तेव्हा बाराव्या नंबरवरचे भैरूआबा तिची कीव येऊन म्हणाले, "पोरी, हितं समद्यांचीच नाकं वाहत्यात. कांदा हाय ह्यो."

मनस्वीचा चेहरा पडला. अकराच्या अकरा जणांना ताप नव्हता, घसा दुखत नव्हता. तिनं ती नावं खोडली. राहिला रणजीत. तो मात्र घसा धरून म्हणाला, "माझी खरी आहे, मॅडम. रात्रभर खोकलोय." त्याच्या प्रामाणिक चेहऱ्याकडे पाहून तिनं त्याचं नाव यादीत ठेवलं.

खरी अडचण पुढेच होती. ताप अंगात असताना माणूस रक्त देतो. तीन आठवड्यांनी ठणठणीत झाल्यावर कशाला येईल? इथे रणजीत कामाला आला. काट्यावर वजन पुकारलं की हमालांनी ओ द्यायची पद्धत होती. कुणाचा आवाज बसलाय हे त्याला तिथेच कळायचं. त्या माणसाला तो तिच्याकडे पाठवायचा आणि त्याच्या दुसऱ्या नमुन्याची तारीख गाळ्याच्या भिंतीवर खडूनं लिहायचा. तारीख आली की माणूस हजर. स्वतःच्या तारखेला तर रणजीत सकाळपासून बाही वर करून बसला होता.

काम आटपलं की दोघं पोत्यांवर बसून चहा घ्यायचे.

"पण शोधताय काय सर्दीत?" त्यानं एकदा विचारलं.

"विषाणू. कोरोनाव्हायरस म्हणतात." बाजारात तेव्हा, नव्वदच्या दशकात, हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. "माणसाला होणारे दोनच माहीत आहेत. एक टू-ट्वेंटीनाइन-ई, दुसरा ओसी-फॉर्टीथ्री."

"नावं आहेत का ट्रकचे नंबर?"

ती हसली. मग तिनं त्याला समजावून सांगितलं. दोघे दिसायला सारखे, अंगाभोवती मुकुटासारखे काटे. दोघांची सर्दीही तीच, नाक बघून कुठला ते सांगता येत नाही. पण एक कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना धरतो, त्यांचा चिकटून थर होतो. दुसरा त्यांना हातही लावत नाही. म्हणून एकाची परीक्षा ती घरच्या कोंबडीचं रक्त घेऊन करते, दुसऱ्याची वेगळी करावी लागते. आणि एकाशी लढायला शिकलेलं रक्त दुसऱ्याला ओळखत नाही.

"म्हणजे रांगडा आणि उन्हाळी," रणजीत म्हणाला. "पोत्यात बघितलं तर कांदा तो कांदा. पण एक महिन्यात कोंब काढतो, दुसरा सहा महिने टिकतो. ओळखायला हात बसावा लागतो."

"तुमचा बसलाय?"

"कांद्यावर. माणसं अजून शिकतोय..."

तिनं नजर कपात घातली. त्या संध्याकाळी घरी आई म्हणाली, "आंगाला रोज कांद्याचा वास कशाचा गो? बाजारान काय काम हाय तुजा?" मनस्वीनं अभ्यासाचं सांगितलं. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं, आणि हे तिचं तिला कळत होतं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात वीस जोड्या भरल्या. मनस्वी शिंकत शिंकतच बाजारात आली. आता खरी सर्दी तिलाच झाली होती. तरी खुशीत होती. रणजीतनं खिशातला रुमाल पुढे केला, तिनं तो नाकाला लावला आणि सांगायला लागली की त्याच्या रक्तात दोन्ही विषाणूंचं काहीच आलं नाही. त्याची सर्दी तिसऱ्याच कुठल्यातरी विषाणूची असणार. प्रबंधात तसंच लिहिलंय.

रणजीतचा चहा हातातच राहिला. तो गप्प बसला असता तर हे कधीच कुणाला कळलं नसतं.

"तसं लिहू नका," तो म्हणाला. "मला सर्दी नव्हतीच. कांदाच होता."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही तीन आठवड्यांनी परत येणार होता... म्हणून."

मनस्वी उठून उभी राहिली. "काट्यावर पाव किलो इकडचं तिकडे होऊ देत नाही तुम्ही. माझंच वजन खोटं चाललं तुम्हाला?"

"नाही चाललं. म्हणून तर सांगतोय."

पण ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. प्रबंध द्यायला महिना उरला होता आणि जोड्या एकोणीस. तिनं रुमाल त्याच्या हातात कोंबला आणि मागे न बघता निघाली. बसमध्ये तिला रडू आलं. एका जोडीसाठी एवढं रडू येत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी, रविवारी, ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकटीच काम करत होती. दारात रणजीत उभा. नाक लाल, आवाज पार बसलेला.

"आज बाजार बंद आहे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कालपासून कांद्याच्या जवळ गेलो नाही. तपासून घ्या."

तिनं थर्मामीटर त्याच्या तोंडात दिला. शंभरावर दोन. मग घसा पाहिला, टॉर्च लावून, दोनदा. राग अजून होता, पण रक्त काढताना तिचा हात नेहमीपेक्षा हळू चालला.

"तारीख भिंतीवर लिहा," ती एवढंच म्हणाली.

तीन आठवड्यांनी तो आला, बाही वर करून. दुसऱ्या दिवशी मनस्वीनं तपासणी लावली. कोंबडीच्या पेशींना धरणारा तो विषाणू रणजीतच्या पहिल्या रक्ताला जेमतेम ओळखीचा होता. दुसऱ्या रक्तानं, ते आठपट जास्त पातळ केलं तरी, त्याला अडवलं. वीस जोड्या झाल्या. मॅडमनी तक्ता पाहिला आणि त्यांचं बोट खालच्या ओळीवर थांबलं. तिथे मनस्वीनं स्वतःच्या सर्दीच्या दोन नमुन्यांचे आकडे ताडून बघायला लिहिले होते. तोच विषाणू, तेच आठपट.

"याला कुठून लागली असेल?" मॅडमनी विचारलं.

मनस्वीनं क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "माझ्याकडून, मॅडम."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

दुपारी ती बाजारात गेली. काट्यावर गर्दी होती. रणजीत तिला पाहून पुकारायचंच विसरला, आणि भैरूआबा पोतं पाठीवर घेऊन तसेच वाट बघत उभे राहिले. तिनं त्याला बाजूला बोलावलं आणि निकाल सांगितला.

"मग माझी ती जानेवारीची जोडी? फेकली?"

"नाही. विसात धरली नाही, पण निरोगी माणसाचा नमुना म्हणून वेगळी लावली. समोर लिहिलंय, सर्दी नव्हती. तरी आला, हे लिहिलं नाही... ते मी लक्षात ठेवलंय."

रणजीतच्या डोळ्यांत पाणी होतं. कांद्याचं म्हणावं, तर तो गाळा बटाट्याचा होता.

"आता परत नाही ना होणार ही सर्दी?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं.

"होते. वर्षभरात शरीर विसरतं आणि तीच परत होते."

"म्हणजे पुढच्या जानेवारीत पुन्हा रक्त द्यायला यायचं?"

"तळवलीला या," मनस्वी म्हणाली. "जानेवारीपर्यंत नको, या रविवारीच. कांद्याचा वास कुणाचा ते मी आईला सांगून ठेवते."