डाव्या पायाचं काय करायचं?

"ओ साहेब! पायरीवरून वर या, नाहीतर खाली उतरा! लोंबकळायला ती काय झाडाची फांदी आहे?"

आरशात बघत मी ओरडले. पायरीवरचा तरुण चटकन वर आला... आणि आरशातूनच हसला. हसला ते हसला, वर म्हणतो कसा, "चुकलो, ड्रायव्हरबाई!"

तिकीट देता देता मावशी, म्हणजे आमच्या कंडक्टरबाई, पुटपुटल्या, "दिसायला बरा आहे गं."

दुसऱ्या दिवशी डेपोत गेले, तर समोर तोच! आमचा मार्ग नव्या कंपनीकडे चालला होता. विजेवरच्या कोऱ्या करकरीत बस आल्या होत्या आणि त्या शिकवून आमची परीक्षा घेणारा माणूस... हाच. झालं! पास झाले तर मार्ग माझा, नापास झाले तर मी घरी. मावशींना नव्या कंपनीने घेतलंही होतं. "बाईला एवढी मोठी गाडी झेपेल का?" म्हणणाऱ्यांशी भांडून मी हा मार्ग मिळवला होता. तो असा सोडणार होते होय?

"हिला क्लच नाही, गिअर नाही," तो माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला. "डाव्या पायाला सुट्टी."

"हे त्याला सांगा ना!"

आणि नको तेच झालं. थांबा आला, डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि जे सापडलं ते कचकन दाबून मोकळा झाला. तो होता ब्रेक! गाडी जागच्या जागी थांबली, परीक्षक महाशय थेट काचेवर.

"अगं बाई! लागलं का?"

"छे... दिवसाढवळ्या तारे दिसले, एवढंच."

त्याच्या कपाळावर हे एवढं टेंगूळ आलं. मावशींनी लगेच बारसं उरकलं – टेंगूळसाहेब!

मग रोजचा सराव सुरू झाला. टेंगूळसाहेब विचारायचे, "डावा पाय?"

"झोपलाय."

"उठवू नका. आणि आरशात काय बघताय सारखं?"

"आरसा मागचं बघायलाच असतो."

"मागे तर मीच उभा आहे..."

"हो का? लक्षातच आलं नाही!" मी म्हणाले खरी, पण कान गरम झाले होते.

परीक्षा प्रवाशांनी भरलेल्या गाडीवर होती. बाहेर भुरभुर पाऊस, काचेवर वायपरची ये-जा. जुनी गाडी जिथे धापा टाकायची, तो चढ नवी गाडी सहज चढली. माथ्यावर एक स्कूटरवाला अचानक आडवा घुसला. मी उजव्या पायाने अलगद ब्रेक लावला. उभी माणसं जराशी डुलली, कुणाचा तोल गेला नाही. डावा पाय? ढिम्म हलला नाही!

पुढच्या लाल सिग्नलला टेंगूळसाहेब माझ्याकडे वाकले. "पास. मार्ग तुमचा."

माझे डोळेच भरून आले. जिंकले होते मी!

"आता मी तुमचा परीक्षक नाही," तो अगदी हळू म्हणाला, "म्हणून आता विचारतो... तुम्ही मला फार आवडता. मी... आवडतो का?"

इंजिनाच्या घरघरीत आयुष्य गेलेली मी. केबिनमध्ये बोलायचं म्हणजे ओरडायचं, एवढंच ठाऊक. ही गाडी किती शांत आहे, ते आनंदात विसरलेच आणि खच्चून ओरडले –

"हो! मलाही तुम्ही खूप आवडता!"

अख्ख्या गाडीने माना उंचावल्या. मग मावशींनी पहिली टाळी वाजवली आणि मागच्या सीटपर्यंत नुसता कल्ला! टेंगूळसाहेब कानापर्यंत लाल झाले.

"पुढच्या थांब्यावर उतरून पळून जाऊ का मी?" तो कसाबसा म्हणाला.

सिग्नल हिरवा झाला. मी गाडी काढली. "पळाल कसे? दारांचं बटण आता माझ्या हातात आहे!"